धवल्यांसाठी पेटी

जुन्या हार्ड डिस्कच्या केबलवर, धातूच्या तोंडाशी, हिरवा डाग पडला होता. मी पट्टीने मोजला: दीड मिलिमीटर. दिवाळीत तो टाचणीच्या टोकाएवढा होता. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. खारी हवा तांब्याचं काय करते ते मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, आणि थळला आमच्या मागच्या दारापासून समुद्र सत्तर पावलांवर आहे.

त्या डिस्कवर माझ्या सासूबाईंचे, मनुबाईंचे, त्रेपन्न धवले होते. त्या धवलारीण. चाळीस वर्षं कोळीवाड्यातली लग्नं त्यांच्या गाण्यांनी लागली, आणि ती गाणी कुठेही लिहिलेली नाहीत. मी दोन वर्षं बसून त्यांचे व्हिडिओ केले. दुपारी त्या ते टीव्हीवर लावत आणि स्वतःच्याच चुका काढत.

आता त्यांच्या घशात गाठ होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, आठ दिवसांत कळवा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला पाच आठवडे झाले.

"आधी माझा आवाज नीट जाग्यावर ठेव," एवढंच त्या म्हणाल्या. "मंग बघू."

म्हणून मी घरच्या वायफायला जोडायची, टीव्हीवर व्हिडिओ दाखवणारी पेटी शोधत होते. पाच आठवडे नुसते पेट्यांच्या तुलनेचे तक्ते आखत होते. एका रविवारी वहीचं नवं पान उघडलं आणि लक्षात आलं, पेटी ठरली की मला त्यांना ऑपरेशनचं विचारावं लागणार. नाही म्हणाल्या तर? आणि हो म्हणाल्या तर? समोर त्यांनी पेजेचा घोट घेतला आणि गिळताना डोळे घट्ट मिटले. मी वही बंद केली आणि पेटी घ्यायला अलिबागला गेले.

"आलात? मला वाटलं अजून एक तक्ता राहिलाय," दुकानदार धनेश म्हणाला; तक्त्यांसाठी मी त्याला कितीदा फोन केले होते. "पिक्चरच बघायचे ना मॅडम? ही एका डिस्कची न्या."

"ती बंद पडली तर?"

"तर नशीब."

"दोन डिस्कची द्या. दोन्हींवर तेच राहील अशी."

"म्हणजे अर्धी जागा फुकट! तुम्ही दाराला पण दोन कुलपं लावत असाल."

मी एक सुटी डिस्कही घेतली. पेटीत चुकून काही पुसलं तर ते दोन्हीकडून पुसलं जातं. तिसरी प्रत समुद्रापासून लांब, नणंदेकडे पेणला ठेवायची होती.

दुपारी घरी येऊन कॉपी सुरू केली. जुनी डिस्क टकटक करत होती. एकेचाळिसाव्या गाण्यावर पडद्यावरचा आकडा थांबला. एक मिनिट. दोन मिनिटं.

"हात लावू नका, आई."

"मी कुठं लावतंय? तूच चिकटून बसलीस."

चौथ्या मिनिटाला आकडा हलला. पाऊण तासाने त्रेपन्नही गाणी पेटीत होती, आणि नंतर सुट्या डिस्कवरही.

मी टीव्हीवर हळदीचा धवला लावला. मनुबाईंनी थोडा वेळ ऐकला.

"आता त्या पेटीतली एक डिस्क काढ."

"चालू असताना?"

"कल्ले बघितल्याबिगर पापलेट घेतं का कोण?"

मी डावी डिस्क ओढून काढली. पेटी कर्कश ओरडू लागली, लाल दिवा लागला. गाणं चालूच होतं, पण मला त्यावर विश्वास ठेवता येईना. टीव्ही पुढचे काही सेकंद आधीच घेऊन ठेवतो. मी ते बंद केलं आणि एकेचाळिसावं लावलं.

पडदा काळा झाला. लोडिंगचं चक्र गोल फिरत राहिलं. मनुबाईंनी माझं मनगट धरलं.

मग त्यांचा आवाज आला, दोन वर्षांपूर्वीचा, खणखणीत. त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. एकही चूक काढली नाही.

"उद्या डॉक्टरला फोन लाव," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "सांग, मनुबाई तयार हाय. काढा."