एका वेळेनं काय होतंय

मी निरोध बोलतोय. नाव ऐकून कुणी मागे वळून बघतं, कुणी आवाज बारीक करायला सांगतं. असू द्या, मला सवय आहे.

रबराच्या झाडाचा चीक हे माझं मूळ. कारखान्यात मला ताणून तपासलं, पाकिटात बंद केलं आणि भावंडांच्या पट्टीत जोडून धाडलं. उदगीरच्या दवाखान्यातून सोमेशच्या खिशात बसून मी त्याच्या घरी आलो.

सोमेशचं बी-बियाणांचं दुकान. घरात आई गुरम्मा, बायको वर्षाराणी आणि पाळण्यातली लेक. लेकीच्या वेळी वर्षाराणीचं रक्त थांबेना. पोट उघडून बाळ काढलं, लातूरला नेऊन पिशव्यांवर पिशव्या रक्त चढवलं, तेव्हा कुठं ती वाचली. दुसरं मूल एवढ्यात नको, जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. तांबी बसवायला वर्षाराणी भीत होती. मग सोमेशच म्हणाला, मी सांभाळतो.

आणि त्यानं सांभाळलंही. आईच्या नजरेस पडू नये म्हणून कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांमागे त्यानं आम्हाला ठेवलं. वेळ आली की स्वतः उठून हात घालायचा. माझी भावंडं एकेक करून आपलं काम करून गेली.

मग देगलूरचं लग्न आलं. सोमेशचा दोस्त संगमेश्वर, त्याच्या भावाचं. सोमेश एरवी पिणारा नव्हे. पण त्या दिवशी कार्यालयामागं मित्रांनी ग्लास हातात दिला आणि त्यानं तो परत केला नाही. गुरम्मा पाहुण्यांकडं राहिली. हे दोघं लेकीला घेऊन जीपनं दुपारी घरी आले. पोर पाळण्यात झोपली.

सोमेश रंगात आला होता. नवरदेवाच्या मामाची नक्कल करून दाखवत होता. वर्षाराणी पदर तोंडाला लावून हसत होती. दवाखान्यातून आल्यापासून इतकं मोकळं हसताना मी तिला ऐकलंच नव्हतं. त्यानं तिला जवळ ओढलं. तीही गेली.

"वर कपाटात हाय," ती हळूच म्हणाली.

"आता कुठं उठू? एका वेळेनं काय होतंय."

तिनं एकदा कपाटाकडं बघितलं. पण तिलाही ती घडी मोडायची नव्हती. तिनंच डोळे मिटले. मी चार पावलांवर होतो.

संध्याकाळी सोमेश तोंड धुऊन कपाटातून सदरा काढायला आला. साड्यांमागं त्याचा हात मला लागला आणि तिथंच थांबला. तो खाली पलंगाच्या कडेवर बसला. वर्षाराणी चहा घेऊन दारात उभी होती. तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं.

"मला माहीत होतं वर्षा," तो म्हणाला. "तवा बी समदं माहीत होतं. डॉक्टरीणबाई, रक्ताच्या पिशव्या, समदं. फकस्त ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वाटलं."

"मी तर प्याले बी नव्हते," ती म्हणाली. "मला बी तसंच वाटलं."

दिवे लागायच्या आत तो मेडिकलवर जाऊन आला. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर घ्याल तितकी बरी, पण खात्री देता येत नाही, असं दुकानदारानं सांगितल्याचं त्यानं तिच्यापासून लपवलं नाही. तिनं गोळी घेतली. मग वाट बघणं आलं. पाळी चुकली. सोमेशचं दुकानात लक्ष लागेना. हरभऱ्याचं बी मागणाऱ्याला त्यानं करडई बांधून दिली. वर्षाराणी पोरीला पाजताना तिच्या केसांवरून हात फिरवत राहायची, फार वेळ. एका दुपारी तिनं दारातून त्याला नुसती मान हलवून सांगितलं. पाळी आली. सोमेश परसात गेला आणि पाण्याच्या हौदाशी उभा राहून रडला.

त्या दिवशी तिनं एक गोष्ट मागितली.

"तुम्ही पिऊन आलेल्या दिवशी न्हाई म्हणजे न्हाई. माझं मन झालं तरी न्हाई. तवा रुसायचं न्हाई."

"मी रुसलो तर?"

"तर पोरीजवळ झोपायचं."

तो हसला आणि त्यानं कबूल केलं. मला साड्यांमागून काढून त्यानं उशाजवळच्या खणात ठेवलं, हात लांब न करता सापडेन असा.

पुढं संगमेश्वरनं नवा ट्रॅक्टर घेतला, तेव्हा पुन्हा ग्लास भरले गेले. सोमेश घरी आला तेव्हा वर्षाराणी न्हाऊन केस मोकळे सोडून बसली होती. तो तिच्याकडं बघत दारातच थबकला. मग त्यानं अंथरूण उचलून पाळण्याखाली टाकलं. थोड्या वेळानं ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली आणि त्याच्या उशाशी बसून राहिली, त्याचा हात हातात घेऊन. मला वाटतं, त्या घरात मी पाहिलेली सगळ्यात मोठी माया तीच.

आता पट्टीत मी एकटा उरलोय. पाकिटावरची तारीखही जवळ आली आहे. माझं काम होईल किंवा मी तसाच जुना होऊन फेकला जाईन. दोन्हीचं दुःख नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की नशा चढल्यावर आणि जीव ओढ घेतल्यावर मी फार लांब वाटतो, भले हाताशी असलो तरी. तेव्हा ठरवू नका. डोकं शांत असताना, दोघांनी मिळून, आधीच ठरवून ठेवा. येतो मी.