मिंकोच्या सदऱ्याचं काळीज

वाचनालयाच्या दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, दारात माणसं, नाटकाच्या मंचाच्या कडेवर म्हाताऱ्या तर दांडीवरच्या कोंबड्यांसारख्या ओळीनं बसलेल्या. मंचावर टेबल, टेबलावर काचेची बशी, बशीत पिवळट पाणी आणि पाण्याच्या तळाशी चांदीसारखा चमकणारा बोराएवढा गोळा.

"श्वास रोखा!" गावात नव्यानं आलेली वैदू झोइत्सामावशी म्हणाली. आवाज असा, जणू तोंडात मध धरून बोलतेय. "तुमच्या आज्या शिसं वितळवून पाण्यात ओतायच्या. भ्यालेल्या माणसाचं काळीज त्यात दिसायचं. खरं ना?"

"खरं, खरं!" म्हाताऱ्या माना डोलावू लागल्या.

"पण ते मेलेलं शिसं. थिजणारं. माझं शिसं जिवंत आहे, ते थिजत नाही. आणि हा खिळा संत जॉर्जच्या घोड्याच्या नालातला. आता बघा या बाईचं काळीज."

तिनं खिळ्याचं टोक गोळ्याला लावलं आणि गोळा दचकला. पसरला, आवळला, पुन्हा पसरला, पुन्हा आवळला. धडधड, धडधड, धडधड. पाण्यात खरोखरच एक इवलंसं काळीज उडत होतं. दालनभर "अगं आई गं!" झालं. सगळ्यांचे हात कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस काढू लागले.

ज्या बाईचं ते काळीज म्हणे, ती बशीशेजारी खुर्चीत ताठ बसली होती. स्तामेना. गावात तिचं नाव निघालं की पाद्रीसुद्धा आवाज खाली आणतो. गेर्ग्योवदेनला, म्हणजे संत जॉर्जच्या सणाला, चौकात होरोचा फेर धरतात, तेव्हा सगळ्यांच्या पुढं हातातला रुमाल फिरवत नाचायचा मान तिचा. सासूकडून तिच्याकडं आलेला, आणि तिनं कुणाला हात लावू दिलेला नाही. असली बाई, आणि आज तिचे ओठ पांढरे पडलेले.

"उधळलंय!" झोइत्सा ओरडली. "डॉक्टरच्या गोळ्या बंद. डोंगर चढायचा नाही. आणि होरो? नाव काढायचं नाही! एक फेर धरशील, तर काळीज फुटेल." मग तिनं खिळा हळूच मागं घेतला, ओठांत काही पुटपुटली, आणि गोळा शांत झाला. "आजच्यापुरतं निवलंय. पण पुन्हा यावं लागेल."

तिच्या पायाशी टोपल्यांची रांग लागली होती. अंडी, मध, कुणी सिरेन चीजचा अख्खा डबा आणून ठेवलेला.

स्तामेना इथवर आली कशी, ते सांगायला हवं, कारण ती कुणाच्याही मागं जाणारी बाई नव्हे.

गेल्या शरदात अंगणात मिरच्या भाजणं चाललं होतं. ती निखाऱ्यांवर मिरच्यांचा डबा फिरवत होती. दुःख नाही, दगदग नाही, त्या दिवशी तर तिनं कुणाशी भांडणसुद्धा केलं नव्हतं. आणि अचानक छातीतलं जनावर दावं तोडून पळालं. गळ्यापाशी धडका. डोळ्यांपुढं अंगण हललं. ती पायरीवर बसली, आणि आता मरतेय असं तिला वाटलं. मग जसं पळालं तसंच ते गोठ्यात परत आलं. मग एकदा प्रार्थनेत. एकदा दूध काढताना. ते येण्यापेक्षा वाईट होतं ते वाट बघणं. आता येईल का? आत्ता आलं का? दोन बोटं सारखी मानेवर, जबड्याखालच्या शिरेवर. कणीक मळतानाही एक हात तिथं. सून वेलिका बघायची, सासूच्या मानेवर पिठाचे दोन ठसे असायचे.

डॉक्टर कामेनकडं ती गेलीच होती. लहानपणी हाच कामेन तिच्या आलुबुखाऱ्याच्या झाडावर सापडला होता, आणि तिनं त्याला काठी घेऊन पाणवठ्यापर्यंत पळवलं होतं. त्यानं तिच्या छातीला तारा चिकटवल्या, दिवसरात्र यंत्र बांधलं, रक्त तपासलं, पडद्यावर काळीज हलताना दाखवलं.

"आजी, काळजाची पेटी मजबूत आहे," तो म्हणाला. "मधूनच ठेका चुकतो आणि पळत सुटते. का, ते मला सापडलेलं नाही."

"म्हणजे तुला माहीत नाही?"

"नाही. काय नाहीये, ते माहीत आहे. हे तुम्हाला मारणारं नाहीये. जास्त वेळ चाललं तर ही गोळी घ्या. चक्कर आली, छातीत दुखलं, तर मला बोलवा. बाकी जगा."

"एवढी वर्षं शिकलास, आणि मला सांगतोस माहीत नाही! हे तर माझी गायही सांगते." असं म्हणून ती निघून आली. माहीत नाही, या दोन शब्दांवर माणूस झोपणार कसा? झोइत्साला मात्र सगळं माहीत होतं. वेलिकानं हाताला धरून तिला वाचनालयात नेलं, आणि तिनं नेऊ दिलं. भीती अशीच असते. ती वाघिणीलासुद्धा दाव्याला बांधते.

त्या दिवसापासून स्तामेना चुलीजवळच्या खुर्चीत, आणि बाहेर पडली तर काठी टेकत. वेलिका तिच्या हातातली बादली काढून घ्यायची.

"आत्याबाई, तुम्ही बसा. मावशी काय म्हणाल्या?"

"काय म्हणाली? मला अंडं उबवायला बसवलंय का तिनं?"

"काळीज फुटेल म्हणाल्या."

स्तामेनानं गोळ्या ताकात टाकून कोंबड्यांना दिल्या होत्या. चौकात पोरी होरोची तालीम करायच्या, ढोल ऐकू यायचा, आणि इथं म्हातारीची दोन बोटं मानेवर. या वर्षी रुमाल कुणाच्या हातात, याची कुजबुज गावात सुरू झाली होती. कुजबुजीत वेलिकाचंही नाव होतं.

पुढल्या बैठकीला स्तामेना पुन्हा त्याच खुर्चीत. पुन्हा तेच, श्वास रोखा, संत जॉर्ज, खिळा. गोळा उडाला.

"बघा! परवापेक्षा जास्त!" झोइत्सा म्हणाली. "छातीत घोडा शिरलाय हिच्या!"

सवयीनं स्तामेनाचा हात डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीखाली गेला होता. दोन बोटं, तीच शीर. आणि बोटांखाली... ठक. मग ठक. मग ठक. जेवून उठलेला म्हातारा पाद्री चालावा तसं. बशीत घोडा, आणि मानेत पाद्री.

ती तोंड उघडणार होती. मग तिनं दालनाकडं बघितलं. डोळे मिटलेल्या बायका, हात जोडलेले पुरुष, आणि पहिल्या रांगेत वेलिका, डोळ्यांत पाणी. या लोकांना आत्ता काही सांगणं म्हणजे पुरात उभं राहून पाण्याला थांब म्हणणं. पण घरी जाताना काठी टेकली नाही.

आमच्याकडं रीत अशी की आजारी माणूस उठू शकत नसेल तर त्याचा अंगातला सदरा पाठवायचा. सदऱ्यावर शिसं ओतलं की त्याच्याच काळजावर ओतल्यासारखं. आणि दुसरी रीत अशी की विधवेनं नवऱ्याचा एक सदरा पेटीच्या तळाशी जपून ठेवायचा. ती मेली की तिच्याबरोबर पुरायला. स्तामेनानं पेटी उघडली, अक्रोडाची वाळकी पानं बाजूला सारली आणि मिंकोचा सदरा बाहेर काढला.

"माफ कर रे," ती सदऱ्याला म्हणाली. "जिवंतपणी तुला कधी नाचायला नेलं नाही. आज जरा कामाला ये."

सकाळीच तिनं कामेनला निरोप धाडला: ये, दाराशी उभा राहा, आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडू नकोस.

दालन तसंच गच्च. स्तामेना सदरा घेऊन मंचावर चढली.

"आज माझं राहू दे, मावशी. माझ्या घरचा एक माणूस आहे. उठत नाही. नाव घ्यायचं नाही, अशी त्याची शपथ आहे."

झोइत्सानं सदरा नाकाशी नेला, डोळे मिटले. "तंबाखूचा वास... आणि भीतीचा." सदऱ्यावर बशी ठेवली. खिळा लावला. गोळा असा उडाला की पहिली रांग मागं सरली.

"अरे देवा! याची रात्रीची झोप उडालीय!"

"मला तर वाटत होतं, चांगला झोपतो," स्तामेना म्हणाली.

"वरून दिसतं तसं. आत वादळ आहे. खातो का?"

"फारच कमी."

"बोलतो?"

"तो आधीही कमीच बोलायचा."

"त्याला अंथरुणातून उठू द्यायचं नाही. पण वेळेवर आणलंस. माझ्या हातून हा वाचेल."

"वाचेल?" स्तामेनानं डोळे मोठे केले. "बाई, तू जर त्याला वाचवलंस, तर मला पाद्र्याला विचारावं लागेल, आता लग्न पुन्हा लावायचं का!"

मंचाच्या कडेवर शेजारीण त्सोना बसली होती. ती पुढं वाकली, सदऱ्याच्या गळ्यावरची लाल कशिदाकारी बघितली आणि किंचाळली, "अगं बया! हा तर मिंकोचा सदरा! मिंकोला पुरताना मी होते!"

आता सगळे हसतील, असं स्तामेनाला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. उलट मागून आवाज आला, "म्हणजे बिचाऱ्या मिंकोला थडग्यातही चैन नाही!" आणि बायका रडायलाच लागल्या. झोइत्सानं ते वरच्यावर झेललं. "मृताला का छळलंस? त्याचा आत्मा तडफडतोय, तुझ्यामुळं! आणि हे जे धडधडतंय, ती तुझी भीती. पेटी उघडताना तुझ्या हातांनी सदऱ्यात भरली!"

"आत्याबाई, चला," वेलिका मंचावर येऊन दंड ओढू लागली. "पाया पडा त्यांच्या, चला!"

नेमकं तेव्हाच आलं. छातीतलं जनावर दावं तोडून पळालं. गळ्याशी धडका, दालन हललं. स्तामेनानं टेबलाची कड धरली. पूर्वीची ती असती, तर खाली बसली असती. तिनं दोन बोटं मानेवर ठेवली आणि दुसऱ्या हातानं झोइत्साच्या हातातला खिळा हिसकला.

"त्सोना, इकडं ये. माझ्या मानेवर हात ठेव. काय चाललंय?"

"अगं, पळतंय गं! केवढं पळतंय!"

"आणि बशीत?"

खिळा दूर होता. गोळा मेल्यासारखा पडला होता.

"बघा सगळ्यांनी! माझं काळीज इथं उधळलंय, आणि तिथं ते गाढ झोपलंय. परवा ते तिथं उधळलं होतं, आणि इथं झोपलं होतं. हे काळीज कुणाचं?" तिनं सदरा काढून घेतला, सिरेनचा डबा टेबलावर आपटला, वर बशी ठेवली आणि खिळा लावला. गोळा टुणटुण उडू लागला. "घ्या! चीजलाही काळजाचा आजार! यालाही होरो बंद करा!"

आता हसू फुटलं. आधी एक पोरगी, मग खिडकीतले, मग सगळं दालन.

"कामेन, उघड आता तोंड."

डॉक्टर पुढं आला. "हा पारा आहे. उष्णता मोजायच्या काचनळीत असतो तो. आणि हे पाणी नाही, पातळ तेजाब आहे, वर एक पिवळं रसायन. त्यात पारा सैल पडतो, पसरतो आणि खिळ्याला टेकतो. लोखंड लागलं की तो आवळून गोळा होतो आणि खिळ्यापासून सुटतो. सुटला की पुन्हा सैल पडतो, पुन्हा टेकतो. खिळा जवळ असेल तोवर खेळ चालू. जरा मागं घेतला की बंद. महाविद्यालयात आम्ही सगळ्यांनी बघितलाय हा खेळ. संत जॉर्ज नव्हता तिथं, त्याचा घोडाही नव्हता."

"माझं डोकं दुखायचं इथं बसून," कुणी म्हणालं.

"कशानंही दुखलं असेल. पण पाऱ्याची वाफ विषारी असते, आणि दारं बंद. आधी खिडक्या उघडा. बशीला हात लावू नका, ती मी नेतो."

"तुमच्यात श्रद्धा उरली नाही!" झोइत्सानं शाल आवरली. "मी निघून गेले की रडाल!"

"जा गं बाई," स्तामेना म्हणाली. "अंडी ठेव, आणि जा. जिला चीजच्या डब्यातही काळीज सापडतं, तिच्यासाठी रडायला आम्हाला वेळ नाही."

घरी येताना वेलिका ओक्साबोक्शी रडत होती. "मला तुम्ही जगायला हव्या होतात हो. पण मग... तुमच्या छातीत आहे तरी काय?"

"मला माहीत नाही. कामेनलाही माहीत नाही. पण त्यानं ते माझ्या तोंडावर सांगितलं, आणि मी त्याला गायीच्या पंगतीला बसवलं. जिला सगळं माहीत होतं, तिनं मला खुर्चीत पुरलं. डोळे पूस. उद्या त्याच्याकडून नव्या गोळ्या आणायच्यात. मागच्या कोंबड्यांनी खाल्ल्या, आणि त्या काही जास्त अंडी घालत नाहीत."

गेर्ग्योवदेनला चौकात कोकराच्या धुराचा वास भरला होता. ढोल वाजला. रुमाल स्तामेनाच्या हातात होता. फेर वळणावर आला, आणि छातीतलं जनावर सुटलं. शेजारच्यांना कळलं, कारण तिचा हात मानेकडं गेला. कुणीतरी क्रूस काढला. ढोल अडखळला.

"वाजव रे! माझा चुकलाच आहे, तुझाही ठेका चुकला तर दोन होतील!" ती ओरडली, आणि रुमाल वेलिकाच्या हातात दिला. "धर. मी येईपर्यंतच, हं."

ती पाणवठ्याच्या दगडावर बसली. लांब श्वास, सावकाश. घोटभर गार पाणी. बायका भोवती जमल्या.

"स्तामेना, म्हणजे ते गेलं नाही?"

"नाही गेलं. येतं, पळतं, थकतं. मी भिते का? भिते. पण भीतीला उत्तर हवं असतं म्हणून कुणी खोटं उत्तर विकावं, आणि आपण टोपली भरून ते घ्यावं, हे आता होणार नाही. तुम्हीही ऐका. उद्या दुसरी कुणी येईल, दुसरी बशी घेऊन. गुडघे टेकण्याआधी दोन बोटं आपल्याच मानेवर ठेवा. खिळा कुणाच्या हातात आहे ते बघा. आणि खिळा मागायला लाजू नका. जो देत नाही, त्याच्यापुढं टोपली ठेवू नका."

जनावर अजून पुरतं परतलं नव्हतं. त्याच्या टापा मंद झाल्या होत्या, इतकंच. तिनं ते बोटांखाली जरा वेळ ऐकलं, मग हात मानेवरून काढला आणि उठली.

"पळ," ती त्याला म्हणाली. "पळून जाशील कुठं? माझ्याच बरगड्यांत आहेस."

आणि जाऊन सुनेच्या हातातला रुमाल काढून घेतला.