प्राजक्ताच्या नावावरचा फाऊल

मी आडवा पडून बोलतोय. खांबानं खरं तर उभं राहून बोलावं. पण अमरावतीच्या एका महिला महाविद्यालयाच्या मैदानाकडेला, भिंतीला लागून, तीन महिन्यांपासून मी असाच पडलोय. मी बास्केटबॉलचा खांब. वर एक फळी, फळीला लोखंडी कडं, कड्याला जाळी, एवढाच माझा संसार. माझ्या हातून जे घडलं ते मला अजूनही खरं वाटत नाही.

बावीस वर्षांपूर्वी बडनेऱ्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. मला इथं आणून पाय सिमेंटात रोवले आणि त्याच हिवाळ्यात मुलींची पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली. संघ चार. तीन अमरावतीचे, एक अकोल्याचा. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषा आणि ओढण्या कमरेला करकचून बांधून धावणाऱ्या मुली. बघायला दोन शिपाई आणि कुंपणावरून डोकावणारे रस्त्यावरचे लोक, तेही हसायलाच आलेले. बडनेऱ्याच्या शकुननं त्या दिवशी पहिला बॉल माझ्या कड्यातून टाकला आणि टाकल्यावर स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला.

मग दिवस भराभर बदलले. चाराचे आठ संघ झाले, आठाचे सोळा. वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याहून गाड्या भरून मुली येऊ लागल्या. ओढण्या गेल्या, पाठीवर नंबर असलेल्या जर्सी आल्या. ज्या आया पूर्वी मुलींना खेळू नको म्हणायच्या, त्या डबे घेऊन पहिल्या रांगेत बसू लागल्या. शकुन रेल्वेत नोकरीला लागली आणि शिट्टी घेऊन पंच म्हणून येऊ लागली. यंदा तर बत्तीस संघ! मोबाईलवर थेट प्रक्षेपण, डीजे, आणि माझ्या मानेपासून पलीकडच्या कडुनिंबापर्यंत ताणून बांधलेलं भलंमोठं फ्लेक्स. त्यावर पाहुण्यांचे हसरे चेहरे होते. खेळणाऱ्या एकाही मुलीचा फोटो नव्हता.

आता माझं दुखणं सांगतो. माझ्या पायाशी पिण्याच्या पाण्याचा नळ होता. तो कायम गळायचा. पाणी मुरत मुरत माझा पाय आतून खात गेलं. मैदान सांभाळणारे शालिकराम दर स्पर्धेआधी मला निळा रंग द्यायचे. पोपडे निघाले की वरून आणखी एक हात. माणसांना रंगाचं भारी समाधान. रंग चकाकला की कोणी बोटानं दाबूनही बघत नाही.

बघितलं ते फक्त प्राजक्तानं. ती आमच्या संघाची कर्णधार, दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. सरावाच्या वेळी तिनं माझ्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"सर, हा खांब हालून रायला."

क्रीडा विभागाचे सर मोबाईलमध्ये होते. "अगं, आत्ताच रंग दिलाय त्याला."

"रंगाचं नाई म्हणत मी. बुडातून हालते तो."

"स्पर्धा होऊ दे, मग बघू."

दोन दिवसांनी तिनं कागदावर लिहून दिलं. सरांनी तो कागद घडी करून खिशात घातला. मला वाटलं, आता कोणीतरी येईल. आलं ते फ्लेक्स बांधायला.

अंतिम सामना आमचा आणि अकोल्याचा. दुपारचे चार. अकोल्याकडून रूपाली खेळत होती. तिचे आईवडील मूर्तिजापूरजवळ भाजीपाला पिकवतात. तिची आई पार्बताबाई पोरीचा खेळ आयुष्यात पहिल्यांदा बघायला आली होती आणि बॉल कुणाच्याही हातात गेला तरी टाळ्या वाजवत होती. एक मिनिट उरलं होतं. आमचे एकावन्न, त्यांचे पन्नास. आत्ताच प्राजक्तानं बास्केट केली होती, म्हणून रूपाली बॉल आत फेकायला रेषेबाहेर, नेमकी माझ्याखाली उभी राहिली. प्राजक्ता तिच्यासमोर हात पसरून.

तेवढ्यात मैदानाच्या कोपऱ्यातून वावटळ उठली. आमच्याकडे उन्हं तापली की अशा उठतातच. लोकांनी डोळ्यांवर हात घेतले. फ्लेक्स फुगलं. पाहुण्यांचे सगळे चेहरे एकदम पोटात वारा भरल्यासारखे ताणले आणि त्यांनी मला मानेला धरून ओढलं. माझ्या पायात कर्रकन आवाज झाला. डीजेच्या गोंगाटात तो कोणाला ऐकू गेला नाही. प्राजक्ताला गेला.

ती रेषा ओलांडून धावली आणि दोन्ही हातांनी रूपालीला असा काही धक्का दिला की ती चार हात लांब जाऊन पडली.

शकुनची शिट्टी वाजली. तिचा हात वर गेला. फाऊल!

"अवो, ढकललं नं माह्या पोरीले!" पार्बताबाई शिव्या देत उठली.

आणि मी पडलो.

मला थांबायचं होतं. बावीस वर्षं मी या मुलींना वर बघायला लावलं होतं, आणि आता त्यांच्यातल्याच एकीवर मी जात होतो. माझ्याजवळ हात नाहीत, आवाज नाही. प्राजक्ता वळली, पण तिचा डावा पाय माझ्याखालून निघाला नाही.

धूळ खाली बसली तरी डीजे वाजतच होता. निवेदक स्कोअर सांगतच होता. शकुनचा हात अजून वरच होता, तो खाली घ्यायचं तिला भान नव्हतं. पहिली रूपाली धावली. मग दोन्ही संघांच्या मुली. हिरव्या जर्सी, लाल जर्सी, सगळ्यांनी मिळून मला उचललं. इतक्या वर्षांत इतक्या हातांनी मला कधी धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पंचनामा केला. सर म्हणाले, "वावटळच तशी होती. नैसर्गिक आपत्ती. आधी कोणाचीही तक्रार नव्हती."

मी सुन्न झालो. तो कागद मी डोळ्यांनी पाहिला होता.

तेव्हा मागे उभे असलेले शालिकराम पुढे आले. त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि माझ्या बुडाच्या निळ्या रंगावर टेकवला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. लोखंडाचा भुगा झरझर खाली सांडला.

"हे पाहा साहेब," ते म्हणाले. "वावटळीचं नाव काहून घेता? पोरीनं सांगतलं होतं. लिहून देलं होतं, मी पाह्यलं. मलेई मालूम होतं. अन् तरी मी रंग मारला." मग ते तिथंच खाली बसले आणि डोकं धरून रडू लागले.

प्राजक्ताचा पाय वाचला. आत सळई बसवली आहे. चालेल, पण धावणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात पार्बताबाई आठ दिवस तिच्या आईसोबत बसून होती. जो येईल त्याला सांगायची, "इनं ढकललं म्हणून माही रूपाली जित्ती हाय. अन् मी, मी तिले शिव्या देल्या हो!"

काल प्राजक्ता कुबडी घेऊन परीक्षेला आली. तिची पिशवी खास अकोल्याहून आलेल्या रूपालीच्या खांद्यावर होती. दोघी माझ्याजवळ थांबल्या. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून प्राजक्ता माझ्यावरच बसली. ती माझ्यावर बसेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शकुन तिला शोधत आली. हातात त्या दिवसाच्या सामन्याची गुणपत्रिका. "पोरी, ही शेवटची नोंद मले खोडायची आहे. तुह्या नावावर फाऊल लिहिला आहे मी. तीन महिने झाले, झोप नाही."

प्राजक्तानं कागद हातात घेतला, आपलं नाव शोधलं, पुढची खूण पाहिली.

"राहू द्या मॅडम."

"काहून?"

"धक्का तर मी मारलाच होता नं. अन् चांगला जोरात मारला होता."

रूपाली आधी हसली. मग तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

पुढची स्पर्धा बंदिस्त सभागृहात आहे म्हणे, चाळीस संघांची, आणि प्रत्येक खांब आधी अभियंता तपासणार आहे. मी तिथं नसेन. उद्या भंगारवाला येतोय. मला माफी मागता येत नाही, पण एक विनंती करता येते. एखादी मुलगी म्हणाली की हालतंय, तर रंगाचा डबा शोधू नका. उठा आणि तिच्यासोबत जाऊन बघा.

चला, येतो मी. गुणपत्रिकेवर तो फाऊल तसाच आहे.