न बोलता उचललेला हंडा

नांबोझाच्या प्राथमिक शाळेत नऊशे मुलं होती आणि त्यांच्या सकाळच्या लापशीसाठी चार हंडे. गावातल्या आया पाळीपाळीने रांधायला यायच्या. शेवटच्या हंड्यावर सोमवारी आणि बुधवारी मेलिफा आणि डोलिरोझा असायच्या. बाकीच्या तीन हंड्यांवर गावभरच्या गप्पा शिजायच्या, या हंड्यावर फक्त लापशी.

दोघी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मुख्याध्यापकांनी पाळी बदलून देऊ म्हटलं होतं, पण जी बदल मागेल ती हरली असं दोघींनाही वाटत असावं. म्हणून मग सगळं खुणांवर चालायचं. मेलिफाने भुवई उचलली की डोलिरोझा सोयाचं पीठ सोडायची. डोलिरोझाने चाटू हंड्याच्या काठावर दोनदा आपटला की मेलिफा जाळ कमी करायची. हंडा उतरवायचा झाला की दोघी दोन कड्यांना फडकी लावायच्या, मेलिफा मान हलवायची आणि हंडा वर उठायचा. कधी थेंब सांडला नव्हता.

भांडण साधं नव्हतं. डोलिरोझाची एकुलती एक मुलगी मडालो हिचं चर्चमध्ये लग्न ठरलं होतं, तारीख जाहीर झाली होती. तीन आठवडे उरले असताना मेलिफाने तिला हातपंपापाशी ओकताना पाहिलं. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि संध्याकाळी ती थेट पाळकांच्या घरी गेली. चर्चचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीचं लग्न चर्चमध्ये लागत नाही, सहा महिने तिला प्रभुभोजन मिळत नाही. रविवारच्या उपासनेत मडालोचं नाव वाचून दाखवलं गेलं. लग्न गावप्रमुखाच्या अंगणात लागलं, ना घंटा ना गाणं, आणि पोरगी नवऱ्याबरोबर लिंबे शहरात निघून गेली. पुढच्याच वर्षी महिला मंडळाने मेलिफाला अध्यक्ष केलं. ‘सत्याला भिणारी बाई नाही’ असं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं. मेलिफाने मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं.

जुलैतला, ऐन थंडीतला बुधवार होता. डोंगरावरून चिपेरोनी उतरली होती, ती बोचरी भुरभुर जी चहाच्या मळ्यांवर आठवडा आठवडा ठाण मांडते. लाकडं ओली, धूर बाहेर जाईना, स्वयंपाकाच्या शेडमध्ये समोरचं माणूस दिसेना. मेलिफाने कडी धरली, मान हलवली आणि हंडा उचलला. डोलिरोझाला मान दिसलीच नाही. ती अजून फडकं गुंडाळत होती. हंडा कलला आणि उकळती लापशी तिच्या उजव्या हातावर, कोपरापर्यंत आली.

डोलिरोझा ओरडली नाही. खाली बसली आणि हात अंगापासून लांब धरून त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता.

“पीठ लावा, पीठ,” कुणीतरी म्हणालं.

“पीठ नको. हात इकडे कर,” मेलिफा म्हणाली. तिने डोलिरोझाला दंडाला धरून उठवलं, पंपापर्यंत ओढत नेलं आणि स्वतः दांडा मारत राहिली. पाणी बर्फासारखं होतं. दोघी भिजल्या, कुडकुडल्या. तीन वर्षांतले ते पहिले शब्द होते आणि ते आपण बोललो हे मेलिफाच्या लक्षात आलं तेव्हा डोलिरोझा सायकलटॅक्सीच्या मागे बसून दवाखान्याच्या रस्त्याला लागली होती.

मेलिफा शेडमध्ये परतली. मुलं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती, म्हणून वाढावं लागलं. वाढताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मान हलवण्याऐवजी तोंडाने ‘उचल’ म्हटलं असतं तर?

दवाखान्यातून डोलिरोझा पट्टी बांधून आली. तीन आठवडे हाताला पाणी लागू द्यायचं नाही, असं तिथल्या नर्सने बजावलं होतं. नवरा वारलेला, पोरगी लांब. आपण काही नवल करतोय असं मेलिफाला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोक्यावर बादली घेतली आणि डोलिरोझाच्या दारात जाऊन उभी राहिली.

“ओडी,” तिने आत येऊ का विचारायची हाक दिली.

आतून उत्तर नाही. हाकेला उत्तर आल्याशिवाय कुणाच्या घरात पाय टाकू नये, म्हणून तिने बादली उंबऱ्यापाशी ठेवली आणि निघून आली. दुसऱ्या दिवशी बादली तशीच होती, वर रात्रीच्या पावसाचं पाणी साचलेलं. तिने ती रिकामी करून नवं पाणी ठेवलं. तिसऱ्या दिवशी बादली रिकामी होती. चौथ्या दिवशी रिकाम्या बादलीशेजारी एक रिकामा घडाही होता.

पुढच्या शुक्रवारी महिला मंडळाच्या बाया साबण, साखर आणि सुकी मासळी घेऊन आजारी बहिणीच्या, म्हणजे डोलिरोझाच्या भेटीला गेल्या. रीत तशी होती आणि पुढे अध्यक्षाने असायचं हीही रीतच. पांढऱ्या पोलक्यांतल्या दहा बाया चटयांवर बसल्या, गाणं झालं, मेलिफाने प्रार्थना केली. प्रार्थना लांबली. शब्द सगळे बरोबर होते, आणि त्यातला एकही आपला नाही असं तिला मध्येच वाटून गेलं.

“आमेन,” डोलिरोझा म्हणाली. “झालं असेल तर कुणीतरी माझी भांडी घासून द्या. तीन दिवसांची आहेत.”

बाया एकमेकींकडे बघून हसल्या. तेरेझा, जिची जीभ गावात सर्वांत तिखट, म्हणाली, “बघा, साखरेपेक्षा हिला राखच गोड.” मग एकेक उठली. कुणाला मळ्यावर जायचं होतं, कुणाला बाळ होतं. मेलिफा मागे थांबली.

तिने अंगणात बसून भांडी घासली. डोलिरोझा दारात बसून बघत होती.

“अध्यक्षबाई, त्या कढईचा तळ राहिला,” ती म्हणाली. “तुमच्या घरी तसंच घासतात का?”

मेलिफाने कढई पुन्हा घासली. तळाशी चिकटलेलं निघेना. ती खाली मान घालूनच बोलायला लागली.

“मडालोचं मी चर्चसाठी नव्हतं सांगितलं.”

मेलिफाने कढईत आणखी राख टाकली.

“आमच्या वायसनच्या मनात ती होती. दोन वर्षं. त्याने विचारलं, ती नाही म्हणाली. नीट म्हणाली, त्याचा अपमान नाही केला. पण तो उठून जोनीला गेला, खाणीच्या देशात. तेव्हापासून घरी नाही, वर्षातून दोन फोन. मला वाटायचं, ती हो म्हणाली असती तर पोरगा माझ्या डोळ्यांसमोर असता. पंपापाशी तिला बघितलं ना, तेव्हा मला...” ती थांबली. “आनंद झाला मला. वाटेत पाळकांच्या घरापर्यंत मी देवाचं नाव घेत गेले, म्हणजे तो आनंद मला ऐकू येऊ नये.”

कोंबडी येऊन खरकट्यात टोचत होती. तिला कुणी हाकललं नाही.

“वाटलंच होतं मला,” डोलिरोझा शेवटी म्हणाली. “पण नुसत्या वाटण्याला काय किंमत. तू नियम घेऊन उभी, मी काय घेऊन उभी राहणार होते?” तिने पट्टीचा हात मांडीवर नीट ठेवला. “आता हे मला कशाला सांगतेस? माझ्या पोरीचं नाव काही माझ्या अंगणात वाचलं नव्हतं.”

मेलिफाला कळलं. कळायला नको होतं असं वाटलं, पण कळलं.

ती पाळकांकडे गेली. हे नवे पाळकसाहेब तरुण होते, नांबोझात येऊन वर्षच झालं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि पेन टोपणात घालून पुन्हा काढलं. “नियम तर मोडला होता ना, आई? मग जुनं आता कशाला उकरायचं? लोकांचा नियमावरचाच विश्वास उडेल.”

“नियम मोडला होता,” मेलिफा म्हणाली. “पण तेव्हाच्या पाळकांकडे मी नियमासाठी गेले नव्हते. मंडळाच्या सभेत सांगायची परवानगी द्या, नाहीतर मी पंपापाशी उभी राहून सांगेन.”

गुरुवारी दुपारी मंडळाच्या सभेत ती उभी राहिली. अंगणात डोलिरोझाला सांगितलं तेच सांगितलं, आनंद झाला होता तेही. बोलून झाल्यावर डोक्याचा पांढरा रुमाल नीट केला आणि म्हणाली की अध्यक्षपदासाठी दुसरी कुणी बघा.

तिला वाटलं होतं कुणीतरी रडेल, कुणीतरी जवळ घेईल. तेरेझा म्हणाली, “तू सांगितलंस म्हणून मी त्या पोरीकडे पाठ फिरवली. समोरून आली की रस्ता बदलायचे. तुझं तू बोलून मोकळी झालीस. माझ्या पाठीचं मी काय करू?”

राजीनामा घेतला गेला, आणि ‘राहू दे गं’ असं कुणी एकदाही म्हटलं नाही. तेवढं तिला लागलं. वाटेवर ती स्वतःवरच चिडली, की अजूनही कौतुकच हवंय का तुला.

ती पाणी नेत राहिली. रविवारी तेरेझा डोलिरोझाच्या शेतातलं मक्याची जुनी धाटं उपटताना दिसली, तोंड वाकडं करून, कुणाशी न बोलता. डोलिरोझाने मेलिफाला चटईवर बस म्हटलं, भुईमूग पुढे केले आणि हाताची पट्टी बदलताना सहज बोलावं तसं म्हणाली, “मडालो लिंबेच्या बाजारात बसते. जुन्या कपड्यांच्या ओळीत, स्टेशनच्या अंगाला. मंगळवारी गिऱ्हाईक कमी असतं.”

मंगळवारी मेलिफा मिनीबसने लिंबेला गेली. मडालो कपड्यांच्या ढिगामागे उभी होती, आधीपेक्षा रुंद झालेली, आवाज मोठा झालेला. अडीच वर्षांची मुलगी ढिगावर लोळत होती. मेलिफाला बघून मडालोने भाव ओरडणं थांबवलं.

“आई बरी आहे ना?”

“बरी आहे. हात भरत आलाय. मी दुसऱ्याच कामाला आलेय.”

मडालोने तिला बसायला उलटी बादली दिली आणि ऐकताना शर्टांच्या घड्या घालत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिने हातातला शर्ट उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

“लग्नाचं मला काही नाही वाटलं, मावशी. अंगणातलं लग्नही लग्नच. पण माझा नवरा अजून म्हणतो, देव आपल्यावर रुसलाय. पोर आजारी पडली की म्हणतो, काम सुटलं की म्हणतो. त्याला मी काय सांगू?”

मेलिफाने विचार केला. “त्याला सांग, देव नव्हता रुसला. मेलिफा रुसली होती.”

मडालोला हसू आलं. ते तिला आवडलं नसावं, कारण तिने लगेच मान फिरवली आणि एका गिऱ्हाइकाला नको तितकी स्वस्त किंमत सांगून टाकली.

“माफ केलं, असं मी आज म्हणणार नाही,” ती परत वळून म्हणाली.

“मी मागायला आले नव्हते. सांगायला आले होते.”

“तुम्ही स्वतः येऊन संध्याकाळी त्याला सांगाल का? माझं ऐकत नाही तो.”

मेलिफा थांबली आणि संध्याकाळी मडालोबरोबर तिच्या घरी गेली. नवरा, एडिसन, सहाला घरी आला, सिमेंटने पांढरा झालेला. त्याने दारातच उभं राहून ऐकलं, एकदाच विचारलं, “खरं?” आणि मग मुलीला उचलून तिच्या केसांत बराच वेळ तोंड खुपसून राहिला.

रात्री त्यांनी तिला झोपायला चटई दिली. जेवणात मक्याच्या पिठाची न्सिमा आणि राजगिऱ्याची भाजी होती, पाहुणीसाठी वेगळं काही केलं नव्हतं. सकाळी मडालो तिला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत तिने आईसाठी भाजलेल्यावर लावायचं मलम घेतलं आणि बेकरीतून एक ताजा पाव.

“हा आईला द्या. आणि सांगा, बाजाराला सुट्ट्या लागल्या की पोरीला घेऊन येते.”

“कधी?”

“येते,” मडालो म्हणाली.

मिनीबस भरायला तास गेला. कंडक्टरने पाचव्या माणसाला तिच्या बाकावर कोंबलं. पाव अजून गरम होता. चेंगरू नये म्हणून मेलिफाने तो नांबोझा येईपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला.