कौलांवर पडलेले दगड आणि मी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, हातात धरून बोलायचा. शिरोड्याजवळच्या आमच्या वाडीत मासळीच्या लिलावासाठी मला आणलं, त्याला बारा वर्षं झाली. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं एवढंच आठवतं, की तपासणीला कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणालं आणि मी दचकलो. आवाज मोठा असला तरी स्वभावाने मी भित्राच.

लिलाव मच्छीमार सोसायटीचे नाना पुकारायचे. वादळाचा इशाराही तेच माझ्यातून द्यायचे, आणि तो ऐकला की होड्या लगेच वर ओढल्या जात. नानांनी सांगितलं म्हणजे खरं, असं सगळे म्हणत. खाऱ्या हवेने माझा रंग उडाला, तरी त्या दिवसांत मी ऐटीत होतो.

गेल्या वर्षी किनाऱ्याला मेलेले पेडवे मासे लागले. त्याच सकाळी नानांच्या मोबाइलवर निरोप आला: ज्यू लोक पाण्यात विष कालवतात, सावध राहा. वादळाचा इशारा वाचावा तसा नानांनी तो लिलावाआधी माझ्यातून वाचून टाकला. कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही.

वाडीत ज्यू माणूस एकच, एस्तेरबाई पेणकर. अलिबागकडच्या बेने इस्रायल या ज्यू समाजातल्या, निवृत्त नर्स. अर्ध्या वाडीला त्यांनी इंजेक्शनं दिलेली. पण शनिवारी त्या दार लावून प्रार्थना करतात, तेवढंच आता लोकांना आठवू लागलं. संध्याकाळी त्यांच्या कौलांवर दगड पडले. सोसायटीच्या खोलीत खुंटीवर टांगलेला मी तो आवाज ऐकत होतो आणि भीतीने गार पडलो होतो. ते शब्द माझ्याच तोंडून गेले होते.

समुद्राच्या आणि विहिरींच्या पाण्याच्या तपासणीत विष सापडलं नाही. मग ग्रामपंचायतीने सभा घेतली. कुडाळहून एक नामवंत वक्ते आले. ज्यूंबद्दलच्या अशा अफवा किती जुन्या आहेत, त्यांपायी किती माणसं मारली गेली, हे सगळं त्यांनी शुद्ध मराठीत नीट सांगितलं. टाळ्याही पडल्या. पण उठताना मासळी विकणारी तुळसा म्हणाली, "तेंका काय म्हायत? ते थोडेच हयचा पाणी पितत?" दुसऱ्या दिवशी आणखी दोन कौलं फुटली. एस्तेरबाईंनी मुंबईला मुलीकडे कायमचं जायचं ठरवून बॅग भरली.

"एस्तेरबायकच बोलूक सांगूया," सोसायटीच्या खोलीत जमलेल्यांना सरपंच अनुजा म्हणाली.

नानांची बायको सत्यवती तिथेच होती. ती म्हणाली, "दगड तिच्यार पडले, आनि साक्षय तिनांच देवची? जेच्या तोंडातसून खोटा गेला, तेनांच बोलूचा."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं.

सकाळी लिलावाला गर्दी जमली. नानांनी मला घट्ट धरून उचललं. हे बोलल्यावर आपला शब्द कोण मानणार, ही भीती मला त्यांच्या बोटांत कळत होती. मी त्यांच्याहून जास्त घाबरलो होतो.

"आयका," ते म्हणाले. "इखाची बातमी खोटी होती. मी न इचारता वाचलंय. एस्तेरबायन काय एक करूक नाय. दगड तुमी मारल्यात, पन ते तुमच्या हातात मी दिलंय."

मग तुळसाने विचारलं, "मगे नाना, आजपासून तुमचो शब्द खरो कसो मानूचो?"

"मानू नकात. आदी इचारा, मगे माना. पन त्या घराक हात लावू नकात."

त्या दिवशी प्रत्येक टोपलीला लोकांनी नानांना दोनदा भाव विचारला, आणि नानांनी मान खाली घालून दोनदा सांगितला. लिलाव संपल्यावर तुळसा सरळ एस्तेरबाईंच्या अंगणात गेली आणि फुटलेली कौलं वेचू लागली. मागून आणखी चौघी आल्या. एस्तेरबाईंनी दार उघडलं नाही. खिडकी थोडी किलकिली केली आणि बघत राहिल्या. त्या अजून इथेच आहेत, पण बॅग भरलेलीच आहे.

मित्रांनो, मला स्वतःची जीभ नाही. जे माझ्यात घालाल ते मी दसपट करून बाहेर टाकतो. अजूनही कुणी मला उचललं की मी दचकतो. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. मला तोंडाला लावण्याआधी बातमी कुठून आली ते विचारा. आणि चुकलातच, तर ती चूक सांगायला दुसऱ्या कुणाला पाठवू नका, तुम्ही स्वतः या.