शेवटच्या पानावरचा देव

मित्रांनो, मी एक जुने पासबुक आहे. स्वतःला पुस्तक म्हणवून घ्यायचा मला संकोच वाटतो, कारण कितीतरी वर्षे मला कुणी वाचलेच नव्हते. लोक खालचा आकडा बघतात आणि मला मिटतात. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पण ती आठवली की अजून शिसारी येते, आणि त्यातली थोडी माझी मलाच येते.

उंब्रजच्या एका पतसंस्थेत माझा जन्म झाला. संयोगिता घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. तिला आपल्या एकटीच्या नावाने खाते काढायचे होते. पण काउंटरपाशीच तिच्या सासूबाई, मनुबाई, म्हणाल्या, "एका घरात दोन खाती? मानसं म्हनतील, नवरा-बायकोचं पटंना. जयराजचं नाव फुडं घाल." तसेच झाले. पहिले नाव जयराजचे, दुसरे तिचे. क्लार्कने अर्जावर पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि फुली तिथे तिने सही केली.

घरी मनुबाईंनी मला हळदकुंकू वाहिले आणि पालीच्या खंडोबाचे छोटे चित्र भाताच्या शितांनी माझ्या शेवटच्या पानावर चिकटवले. त्यांचा भाव खरा होता. पण त्या पानावर बारीक अक्षरांत संस्थेचे नियम छापलेले होते, आणि सातवा नियम नेमका देवाच्या घोड्याखाली गेला. खात्यावरच्या दोघांपैकी कुणाही एकाचे कर्ज थकले, तर संस्था ते या खात्यातून वळते करून घेईल, असा तो नियम होता. मला तो पाठ होता. सांगणार कसा?

नऊ वर्षे संयोगिता पैसे भरत राहिली. माझ्या पानांत निळे-पांढरे धागे अडकलेले असत. तिला पिठाची चक्की घ्यायची होती. सोप्यातल्या कोपऱ्याचे माप तिने शिवणाच्या टेपने कितीदा घेतले असेल!

जयराज कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होता. शनिवारी गाडीवरून घरी येई. अशाच एका शनिवारी त्याने मला गुपचूप कपाटातून काढले आणि खिशात चुन्याच्या डबीशेजारी कोंबले. तो वास माझ्या कडांना अजून आहे. पतसंस्थेत साहेबांसमोर मला उघडून तो म्हणाला, "शिल्लक बघा की. घर आमचं भक्कम हाय." तिच्या बोटांना सुया टोचून जमलेले पैसे तो आपली ऐपत म्हणून दाखवत होता! त्याला कर्ज मिळाले आणि मला त्याने गुपचूप परत कपाटात ठेवले. त्याने शर्यतीचा खोंड घेतला. चौकात फ्लेक्स लागला: गुलालात माखलेला खोंड आणि शेजारी गॉगल घातलेला जयराज. तीन शर्यतींत खोंड कुठेच आला नाही. मग त्याचा पाय दुखावला आणि तो निम्म्या किमतीत गेला. हप्ते थांबले. नोटिसा कुपवाडच्या पत्त्यावर येत आणि गाडीच्या सीटखाली जात.

चक्की ठरली, त्या दिवशी संयोगिता मला घेऊन पैसे काढायला आली. काउंटरवर आप्पासो होता.

"वैनी, चारशे बारा रुपये हायत."

"आवं, नीट बघा. सत्त्याऐंशी हजार हायत."

"व्हते. परवा जयराजदादांच्या कर्जाला वळते झाले." त्याने मान वर केली नाही. "खोंडाच्या."

मागे रांगेतून कुणीतरी म्हणाले, "खोंड पळंना, पैसं मातर पळालं की रं!" आणि माणसे हसली. हसली, मित्रांनो.

शनिवारी जयराज आला. "आता गाव गोळा करू नगंस," तो म्हणाला. "नवरा-बायकोत तुजं-माजं असतंय व्हय?"

"फ्लेक्सवर तुमी आन खोंड दोघंच व्हता," संयोगिता म्हणाली. "फेडताना बरी बायकू आठवली!"

तिने पाण्याचे बोट लावून देवाचे चित्र हलकेच सोडवले, कपाळाला लावले, आणि सातवा नियम मोठ्याने वाचला. मनुबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. जयराजने मध्येच टीव्ही लावला.

ती चक्की पलीकडच्या गल्लीतल्या शालूबाईंनी घेतली. रोज सकाळी तिचा आवाज आमच्या घरात येतो आणि संयोगिता मशीनचे पायडल जोरात मारते. तिने आता एकटीच्या नावाने खाते काढले आहे. त्या वेळी तिने सगळे नियम वाचून होईपर्यंत रांग थांबवून धरली होती. मला मात्र बंद करता आले नाही. त्याला दोघांच्या सह्या लागतात आणि जयराज सही देत नाही. चारशे बारा रुपये पोटात घेऊन मी मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली पडून आहे.

परवा दुपारी मनुबाई मशीनपाशी येऊन बसल्या. त्यांच्या हातात त्यांच्या दुधाच्या पैशांचे पासबुक होते. त्यातही एक नाव जयराजचे.

"देव काढून आनलाय," त्या खाली बघत म्हणाल्या. "माज्यात काय लिवलंय, वाच. आन त्याचं नाव कसं काढायचं, ते बी बघ."

मशीन थांबले. संयोगिताने ते पासबुक घेतले आणि शेवटचे पान उघडले.

मित्रांनो, आम्हाला हळदकुंकू नको, प्लास्टिकचे कव्हरही नको. सही करण्याआधी शेवटचे पान तेवढे वाचा.