सहा घागरींचं इंजिन

सोलापूरच्या गिरणीतलं फिटरचं काम सुटलं आणि बहात्तरच्या दुष्काळात मी भूमजवळच्या माझ्या गावी परत आलो. सोसायटीनं तेव्हा जनावरांची छावणी काढली होती. कडबा अख्खा टाकला की जनावरं निम्मा तुडवायची. चेअरमन बलभीमराव म्हणाले, "मच्छिंद्र, कडबा बारीक कापायचं कुट्टीचं यंत्र तूच बनीव. इंजिन कंचं घ्यायचं तेबी तूच सांग."

मी भंगारातून जड चाक आणलं, ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगपाट्यांच्या पात्या ठोकल्या. इंजिनासाठी बार्शीला दोन खेपा घातल्या आणि कागदावर हिशेब मांडला. रॉकेलवरचं हलकं इंजिन, हवेवर थंड होणारं, बाराशेला. पण कुट्टीच्या दणक्यानं ते दोन वर्षांत बसलं असतं. जुनं डिझेलचं, संथ चालणारं, अठराशेला. त्याला पंधरा वर्षं मरण नव्हतं. सोसायटीच्या बैठकीत मी छाती काढून सांगितलं आणि डिझेलचं आलं. माझा महिन्याचा पगारही ठरला.

एक गोष्ट मात्र कागदावर मांडायची राहिली. डिझेलचं इंजिन पाण्यावर थंड होतं. शेजारी पाण्याचं पिंप ठेवायचं, ते तापून वाफ होऊन जाणार, रोज दोन घागरी भर घालायची. सोलापुरात इंजिनाशेजारी नळ होता, म्हणून पाणी मोजायचं मला सुचलंच नाही. आणि मी कोण, तर ज्याचं लहानपण विहिरीपासून दहा हात लांब उभं राहण्यात गेलं तो माणूस.

आमच्या बौद्धांच्या वस्तीतली विहीर आटली होती. गावच्या विहिरीत टँकरनं पाणी सोडायचे. आमच्या बायकांनी लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. माझी बायको केशरबाई सकाळपासून उभी राही, तेव्हा दुपारी एक घागर मिळे. छावणीवरचा गडी धोंडीबा मात्र इंजिनासाठी दोन घागरी शेंदून तिच्या समोरून निघून जायचा.

एके दुपारी ती भाकरी घेऊन आली आणि पिंपाकडं बघत राहिली.

"ह्याला रोज दोन मिळत्यात?"

"व्हय."

"उभं न ऱ्हाता?"

मी भाकरीचं फडकं सोडायला घेतलं.

"मग ह्याची जात कुनी इचारली न्हाय वाटतं," ती म्हणाली.

माझीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी धोंडीबाला म्हणालो, "ऊन वाढलंय, इंजिन तापतंय. आता सहा घागरी लागतील." फिटरच्या शब्दावर कोण संशय घेणार? वरच्या चार घागरी दुसऱ्या पिंपात जायच्या आणि केशरबाई दुपारी खेपा करून त्या वस्तीत न्यायची. आमच्या घरी एक, शेजारच्या तीन घरांत एकेक. जाईबाई म्हातारीनं कित्येक दिवसांनी लुगडं धुतलं.

महिन्याभरात टँकरच्या खेपा कमी झाल्या आणि गावची विहीरही तळाला गेली. बलभीमराव इंजिनाच्या शेडमध्ये आले.

"सहा घागरी लई व्हत्यात. हे इंजिन परत कर, त्ये हवेवरचं आन. दोनच वर्षं जगंना का, दुष्काळ काय जन्मभर ऱ्हातोय? दोन्हीचा मेळ पुन्हा घालून दे कागदावर."

मी कागद घेऊन बसलो. हलकं इंजिन आणलं की वस्तीचं पाणी तुटणार. खरं सांगितलं की पाणीही जाणार आणि नोकरीही. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही कोरडी. किंमत लिहिली, आयुष्य लिहिलं, आणि यावेळी पाणी लिहायला तिसरी रेघ ओढली. हलक्याला काही नाही. डिझेलला दोन घागरी. यंत्राबद्दल मी जन्मात खोटं बोललो नव्हतो. या गावानं माझं ऐकलं ते तेवढ्याच एका बाबतीत. खाली लिहिलं: बाकीच्या चार आमची वस्ती पिते.

बलभीमरावांनी ते दोनदा वाचलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"हे म्या वाचलं न्हाय," ते म्हणाले. "इंजिन सहा घागरी पितं. पिऊ दे."

माणूस चांगला होता. त्यांनी गावात एक शब्द टाकला असता तर केशरबाईच्या हातात विहिरीचा दोर आला असता. तो शब्द त्यांनी टाकला नाही, आणि मीही मागितला नाही. दोघांचाही राग मला अजून येतो.

पाऊस पडेपर्यंत सहा घागरी येत राहिल्या. इंजिन पुढं पंधरा नव्हे, सतरा वर्षं चाललं. भंगाराच्या गाडीत चढवलं त्या दिवशी गाव बघायला जमलं होतं. धोंडीबा आता म्हातारा झाला होता. त्यानं इंजिनावर हात ठेवला.

"लई गुनाचं व्हतं," तो म्हणाला. "फकस्त पानी लई प्यायचं."

केशरबाई माझ्या शेजारीच उभी होती. तिनं पदर सावरला.

"व्हय," ती म्हणाली. "लई तहानलेलं व्हतं."